पंगतीत, डब्यात, सोसायटीत: तीव्र फूड अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या सोबत वावरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मुलीला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. सोसायटीतले शेजारी, तिच्या शाळेतल्या बाई, गणपती मंडळाचे कार्यकर्ते, ऑफिसातले सहकारी, लग्नघरची माणसं आम्हाला जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. अशाच इतर कुटुंबांना दूध, अंडं, काजू, तीळ, कोलंबी यांवरून जे विचारलं जातं तेही घेतलं आहे. बहुतेक माणसं चांगल्या मनाने विचारतात आणि उत्तर कळलं की स्वतःहून बदलतात. त्यांच्यासाठीच हे पान आहे. उपचारांविषयी इथे जे आहे ते डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आधी ऐकायचं.

तीव्र अ‍ॅलर्जी आणि एखादा पदार्थ न पचणं, यात फरक काय?

दूध प्यायलं की पोट फुगतं, जुलाब होतात, असं पुष्कळांना होतं. तो दुधातली साखर न पचण्याचा त्रास. खरा त्रास आहे, पण त्याने जीव जात नाही. अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती त्या पदार्थातल्या प्रथिनावरच तुटून पडते. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात, रक्तदाब कोसळतो. याच्या सगळ्यात गंभीर रूपाला अ‍ॅनाफायलॅक्सिस म्हणतात. ते काही मिनिटांत सुरू होऊ शकतं, बहुतेक वेळा खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत.

गव्हाच्या बाबतीत सीलिअ‍ॅक नावाचा तिसराच आजार असतो. त्यात लगेच जीव घाबरा होत नाही, पण आतड्याचं नुकसान होत राहतं. म्हणून त्या माणसालाही गव्हाचा कणसुद्धा चालत नाही. समोरच्याला यांतलं नेमकं काय आहे हे तुम्हाला ओळखता आलं नाही तरी बिघडत नाही. ‘चालत नाही’ असं तो म्हणाला की तेवढं पुरे.

आपल्याकडे कुठे असतं हे? आमच्या लहानपणी तर कोणाला असं काही नव्हतं.

भारतात फूड अ‍ॅलर्जीचं प्रमाण अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथल्यापेक्षा कमी आहे, हे खरं. पण कमी म्हणजे शून्य नाही. आपल्याकडे दूध, अंडं, शेंगदाणे, काजू, गहू, हरभरा, कोलंबी आणि मासे यांची अ‍ॅलर्जी असलेली माणसं आहेत. पूर्वीही असणार. ‘त्याला कोलंबी सोसत नाही’ असं म्हणून विषय संपत असे आणि एखादा मृत्यू दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या नावावर जात असे.

प्रमाण कमी असल्याचा एक तोटाच होतो. आजूबाजूला कोणी पाहिलेलं नसतं, त्यामुळे प्रत्येक नव्या जागी पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं आणि दर वेळी ‘फारच काळजी करता बुवा तुम्ही’ हे ऐकून घ्यावं लागतं.

एक घास खाल्ला तर काय होतंय? मागच्या वेळी तर काही झालं नव्हतं.

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण आपला पाहुणचार आग्रहावर उभा आहे. ‘अगं, माझ्या हातचं आहे’, ‘वरचे दाणे काढून टाकते, मग खा’, ‘देवाचा प्रसाद आहे, त्याने काही होत नाही’. म्हणणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला काही मिलिग्रॅम प्रथिनही पुरतं, म्हणजे दाण्याचा एखादा बारीक तुकडा. वरचे दाणे काढले तरी कूट खिचडीभर लागलेलंच असतं.

मागच्या वेळी काही झालं नाही किंवा थोडंच झालं, यावरून पुढच्या वेळेचा अंदाज बांधता येत नाही. अ‍ॅनाफायलॅक्सिसचा शोधच मुळी असा लागला. १९०२ साली फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे शास्त्रज्ञ कुत्र्यांना समुद्रफुलाचं (सी अ‍ॅनिमोन या समुद्री प्राण्याचं) विष अगदी कमी मात्रेत टोचत होते. विषाची सवय होईल, ही अपेक्षा. काही आठवड्यांनी तेच विष पुन्हा तेवढ्याच मात्रेत दिलं तेव्हा पहिल्या वेळी ठणठणीत राहिलेला कुत्रा बघता बघता मेला. या कामासाठी रिशे यांना १९१३ साली नोबेल मिळालं. त्याच माणसाचं शरीर आजारपणात, दमा उसळलेला असताना, व्यायामानंतर किंवा दारू प्यायल्यावर त्याच पदार्थाला जास्त तीव्र प्रतिक्रिया देऊ शकतं, हेही आता माहीत आहे.

म्हणून आग्रह एकदाही करू नका. ‘नको’ म्हटलं की ताट पुढे न्या. आणि खरंच अ‍ॅलर्जी आहे का हे बघायला न सांगता चारून पाहण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर त्याला तिथेच थांबवा. असं करणारे नातेवाईक आम्ही पाहिले आहेत. मुलाला दवाखान्यात न्यावं लागलं की मग त्यांना पटतं.

आमच्या जेवणात काय कुठे लपलेलं असतं?

इथे थोडा वेळ द्या, कारण घरच्या सुगरणीलाही काही गोष्टी एकदम आठवत नाहीत. त्या हाताच्या सवयीने पडतात.

शेंगदाणा: साबुदाण्याची खिचडी आणि वडे, उपासाची दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, पातळ भाजीतलं कूट, कांदेपोहे, चिवडा, ठेचा, दाबेली, सोलापुरी चटणी, वडापावची सुकी चटणी. उपासाच्या दिवशी कँटीनमध्ये दाण्याशिवाय काही मिळणं कठीण असतं. दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला एकादशी सगळ्यात अवघड जाते.

तीळ: गोडा मसाल्यात तीळ असतात, कांदा-लसूण मसाल्यातही बहुधा असतात. म्हणजे साधी आमटी, उसळ, मसालेभात, मिसळीचा कट हे सगळं तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसासाठी बंद. बाकरवडी, कोथिंबीर वडी, लसणाची चटणी, अळूवडीवरची फोडणी यांतही तीळ येतात. ‘तीळ घातलेत का?’ असं विचारलं तर करणारी व्यक्ती अगदी प्रामाणिकपणे नाही म्हणते, कारण तिने मसाला घातलेला असतो, तीळ नाही.

काजू आणि सुकामेवा: पंजाबी ग्रेव्ह्या, शाही भाज्या, पुलाव, शिरा, मोदकाचं सारण. काजूची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी पुष्कळांना पिस्ताही चालत नाही. मिठाईवर पिस्त्याचे काप म्हणून हिरव्या रंगात रंगवलेले शेंगदाणे पडतात, ही भेसळ जुनी आहे. त्यामुळे सुट्या मिठाईच्या दुकानातल्या ‘यात दाणे नाहीत’ या शब्दावर आम्ही विसंबत नाही.

कोलंबी, जवळा, सुकट, सोडे: कोकणात आणि गोव्यात वांग्या-बटाट्याच्या भाजीतही सोडे पडतात, चटणीत जवळा असतो. गोव्याच्या बलचांवमध्ये सुकी कोलंबी वाटलेली असते, मग ते कशाचंही असो.

गहू: बाजारातला बांधणी हिंग बहुतेक वेळा पिठात मळलेला असतो आणि ते पीठ अनेकदा गव्हाचं असतं. म्हणजे फोडणीतूनही गहू जातो.

दूध: पोळीला लावलेलं तूप, वरणावरचं तूप, पावावरचं लोणी, कढी, मऊ व्हावी म्हणून दुधात भिजवलेली कणीक.

तेलाचं काय? आम्ही घाण्याचं शेंगदाणा तेल वापरतो.

पूर्ण रिफाइंड केलेल्या तेलात प्रथिन जवळपास उरत नाही. लाकडी घाण्याच्या तेलात मात्र ते राहतं. अलीकडे पुण्यामुंबईत घाण्याचं तेल आवडीने घेतात, स्वयंपाकाला ते चांगलंही लागतं, पण दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या पाहुण्यासाठी ते वापरू नका. तळणीचं तेलही पाहायला हवं. ज्या कढईत साबुदाणा वडे तळले त्याच तेलात बटाटेवडे तळले, तर बटाटेवडेही गेले. कोलंबीनंतर त्याच तेलात फ्राइज तळणारी हॉटेलं तर किती तरी आहेत.

तूप ‘शुद्ध’ असलं तरी त्यात दुधाच्या प्रथिनाचा अंश राहू शकतो. दुधाची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्याला तुपाचा हात लागलेली पोळीही देऊ नये.

नुसत्या वासाने होतं का?

बहुतेक वेळा नाही. शेंगदाण्याचा वास ज्या बाष्पाने येतो त्यात प्रथिन नसतं. बरणी उघडल्याच्या वासाने मूल घाबरेल, मळमळेल, पण त्यातून अ‍ॅनाफायलॅक्सिस होणं फार दुर्मीळ. प्रथिनाचे कण हवेत उडतात तेव्हा गोष्ट वेगळी असते: भाजलेले दाणे पाखडताना उडणारा फोलपटांचा भुगा, पिठाची गिरणी, आणि मासे-कोलंबी शिजतानाची वाफ. मासळीच्या वाफेने श्वास लागल्याच्या नोंदी आहेत. म्हणून चाळीच्या सामाईक गॅलरीत सुकट भाजायची असेल आणि शेजारी तशी अ‍ॅलर्जी असलेलं कोणी असेल, तर आधी सांगा. तेवढ्या वेळापुरतं ते दार लावून घेतील.

स्पर्शाने बहुधा तेवढ्याच जागी गांधी उठते. खरा धोका लहान मुलांचा, कारण त्यांचा हात सतत तोंडात आणि डोळ्यांवर जातो.

आमच्या घरी जेवायला बोलवायचं आहे. काय काय करावं लागेल?

आधी मनापासून आभार. अशी आमंत्रणं हळूहळू बंद होतात, हे या कुटुंबांचं एक मोठं दुःख असतं.

मेनू ठरवण्याआधी फोन करा. ‘मी काय करू?’ याहून ‘माझ्या मनात अमुक अमुक करायचं आहे, त्यात हे हे पडतं, चालेल का?’ असं विचारलं की उत्तर देणं सोपं जातं. मसाल्याचं आणि हिंगाचं पाकीट, तेलाचा डबा यांचे फोटो पाठवा. नवीन पदार्थ करून दाखवण्याचा हा दिवस नव्हे. वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळ्या असं साधं आणि सगळ्यांना चालणारं काही केलंत तर पाहुणा निर्धास्त जेवतो.

मग भांडी. कूट करतो ते मिक्सरचं छोटं भांडं हा मोठा चोर आहे. पात्याखाली आणि झाकणाच्या रबरात दाण्याचा चिकट थर बसलेला असतो आणि पुढची ओल्या खोबऱ्याची चटणी त्यात वाटली जाते. ते भांडं पाहुण्यासाठी वापरूच नका. थालीपिठाचा बिडाचा तवा, लाकडी पोळपाट आणि उलथनं, तळणीचा झारा हेही बाजूला ठेवा. बाकीची भांडी साबणाने नीट घासलेली असली की चालतात. नवी आणायची गरज नाही. त्यांचं जेवण आधी करा, झाकून ठेवा, त्यात वेगळा डाव ठेवा आणि पहिलं ताट त्यांचं वाढा.

पाकिटं आणि वेष्टनं फेकू नका, त्यांना स्वतः वाचू द्या. त्यांनी दोनदा विचारलं तर तो तुमच्यावरचा अविश्वास नसतो. आणि एवढं करूनही ते स्वतःचा डबा घेऊन आले तर वाईट वाटून घेऊ नका. ताट तुमचं द्या, जेवण त्यांचं असू द्या.

चुकून काही पडलं असेल तर सांगावं का? आता सगळे जेवायला बसलेत.

त्याच क्षणी सांगा. मोठ्याने सांगा, सगळ्यांसमोर सांगा. ‘अहो, थांबा, मी कोशिंबिरीचा चमचा भाजीत घातला’ हे वाक्य ऐकल्यावर आजवर एकही अ‍ॅलर्जीवाला माणूस आमच्यासमोर चिडलेला नाही. उलट त्या घरी पुन्हा जेवायला जायचं धैर्य येतं. काय घातलं आहे ते खरं सांगणं आणि खायचं की नाही ते त्यांना ठरवू देणं, यजमानाकडून एवढंच हवं असतं. खात्री नसेल तर ‘मला नक्की माहीत नाही’ हे उत्तरही चालतं. बरं वाटावं म्हणून दिलेलं ‘नाही नाही, काही नाही त्यात’ हे उत्तर घातक असतं.

लग्नाच्या पंगतीत किंवा बुफेमध्ये काय करता येईल?

पंगतीत वाढपी एका हाताने कोशिंबीर आणि दुसऱ्या हाताने चटणी वाढत धावत असतो, त्यामुळे एका पानातलं दुसऱ्यात उडतंच. बुफेत चमचे अदलाबदल होतात. केटररच्या आचाऱ्याशी आदल्या दिवशी बोला, मालकाशी बोलून पुरत नाही. एका माणसाचं जेवण भटारखान्यातच, सगळं बाहेर जाण्याआधी, डब्यात काढून नाव घालून ठेवायला सांगा. मोठ्या लग्नात एवढंच जमतं आणि एवढं पुरतं.

प्रसाद, हळदीकुंकू, बोरन्हाण... यात नाही कसं म्हणायचं?

नाही म्हणण्याची वेळ त्यांच्यावर येऊ न देणं हे आपल्या हातात आहे. प्रसादाच्या ताटात पेढे, पंचखाद्य, काजूचे मोदक यांच्यापासून दूर, वेगळ्या वाटीत खडीसाखर किंवा केळी ठेवा. पंचामृतात दूध, दही, तूप तिन्ही असतं, म्हणून दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्याला साधं पाणीच तीर्थ म्हणून द्या, आणि पंचामृताची पळी त्यात बुडवू नका. प्रसाद कपाळाला लावून शेजारच्याला दिला तर तो देवाचा अपमान नव्हे. घरातल्या मोठ्यांनी हे एकदा सर्वांसमोर म्हटलं की लहान मुलाची केवढी सुटका होते!

संक्रांत सर्वात कठीण. तिळगुळात तीळ आणि दाणे दोन्ही. हलवा निरुपद्रवी वाटतो, पण त्याचे दाणे अनेकदा तिळावरच पाक चढवून केलेले असतात. साखरफुटाण्यात हरभरा असतो. गुळाचा खडा किंवा खडीसाखर दिलीत तर ‘गोड बोला’ म्हणायला काही अडत नाही. तिळगूळ वाटलेल्या हाताने लहान मुलाचे गाल कुरवाळू नका, पापे घेऊ नका. बोरन्हाणात तर चुरमुरे, हलवा, बोरं, चॉकलेटं बाळाच्या डोक्यावरून पडतात आणि सगळी मुलं जमिनीवरचं वेचून खातात. बोलावलेल्यांत अ‍ॅलर्जी असलेलं मूल असेल तर बोरं, चुरमुरे आणि छोटी खेळणी एवढंच ठेवा. गंमत तेवढीच येते.

गणपतीत मंडळाच्या महाप्रसादासमोर आज काय आहे आणि त्यात काय पडलं आहे, एवढा एक फलक लावता येतो. खडूने लिहिलेला चालतो.

हात पाण्याने धुतले, सॅनिटायझर लावलं. पुरतं ना?

नाही. याच्या चाचण्या झालेल्या आहेत. साबण आणि पाणी, किंवा ओले वाइप्स, यांनी दाण्याचं प्रथिन हातावरून निघतं. नुसत्या पाण्याने ते नीट निघत नाही आणि सॅनिटायझर जंतू मारतं, प्रथिन तसंच ठेवतं. टेबलही ओल्या फडक्याने आणि साबणाने पुसा. मात्र ज्या फडक्याने आधी चिवड्याची बशी पुसली ते फडकं नको.

शाळेत दाण्यावर बंदी घालावी का?

शिक्षक आणि इतर पालक दोघंही हे विचारतात. २०२१ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने शाळा आणि पाळणाघरांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांचा भर सरसकट बंदीवर नव्हता. कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, प्रत्येक मुलाची लेखी आपत्कालीन योजना आणि अ‍ॅड्रेनलिनची (तीव्र रिअ‍ॅक्शनवर द्यायच्या इंजेक्शनची) उपलब्धता यांवर होता. मलाही ते पटतं. बंदी घातली की सगळे निश्चिंत होतात, आणि मग कोणाच्या तरी डब्यात पोळीला लावलेली दाण्याची चटणी येतेच.

पाळता येतील असे नियम मोजके आहेत. डबा, चमचा, पाण्याची बाटली यांची देवाणघेवाण नाही. अंगतपंगत असली तरी त्या मुलाने आपल्याच डब्यातलं खायचं, आणि त्याच्या शेजारी दाणे नसलेले डबे बसवायचे. त्याला कोपऱ्यात एकटं बसवू नका. जेवणानंतर सगळ्या वर्गाने साबणाने हात धुवायचे. वाढदिवसाला चॉकलेटांऐवजी पेन्सिल, खोडरबर वाटा. सहलीला जाताना औषधाची पिशवी त्या मुलाजवळच्या बाईंकडे हवी, बसच्या डिकीत नको.

चिडवण्याकडे विशेष लक्ष द्या. गंमत म्हणून दप्तरात दाणे टाकणं, तोंडाजवळ चिक्की नाचवणं याला शाळेने खोडी समजू नये. त्याने जीव जाऊ शकतो, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा. आठ वर्षांची मुलं हे फार चटकन समजून घेतात आणि पुढे तीच राखण करतात. आमच्या मुलीच्या मैत्रिणी तिच्याआधी वेष्टन वाचतात.

माझ्या मुलाला दाण्याचा लाडूच आवडतो. एका मुलासाठी आम्ही का सोडायचं?

सोडू नका. घरी रोज खाऊ द्या. सामाईक जागेतल्या एका तासाचा प्रश्न आहे. दाण्याचा लाडू संध्याकाळी खाल्ला तर तुमच्या मुलाचं काही जात नाही, आणि तेवढ्याने दुसरं मूल वर्गात न भिता बसू शकतं. शिवाय समोरच्या कुटुंबाने आधीच आपला जवळपास सगळा भार स्वतः उचललेला असतो. तुमच्याकडे मागितलेलं त्यातलं अगदी थोडं असतं.

ऑफिसात, हॉस्टेलवर?

दिवाळीचा फराळ आणि चिक्कीची पाकिटं मीटिंगच्या टेबलावर न उघडता पँट्रीत ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये झाकून गरम करा. सामाईक सुरी, चटणीची बाटली, लोण्याचा डबा यांत उष्टा चमचा घालू नका. सहकाऱ्याचा मग वापरू नका. पार्टीचं जेवण मागवताना त्याला आधी विचारा. मागाहून ‘तुझ्यासाठी सॅलड आहे’ असं सांगण्याची वेळ येऊ नये.

रेल्वेत, एसटीत, विमानात?

लोणावळ्याला गाडी थांबली की डबाभर चिक्की येते, ते कोणी थांबवू शकत नाही. पण समोरच्या बाकावरच्या आईने विनंती केली तर शेंगा सोलून टरफलं खाली टाकण्याऐवजी दुसरं काही खा, किंवा जागा बदलून घ्या. विमानात ते लोक ट्रे आणि हात टेकायची जागा स्वतः पुसून घेतात. त्यात तुम्हाला काही करायचं नसतं, फक्त विचित्र नजरेने बघू नका.

पाकिटावर लिहिलेलं असतंच की. ते वाचून दिलं तर?

वाचून द्या, पण त्यालाही मर्यादा आहेत. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार ग्लूटेन (गव्हासारख्या धान्यातलं प्रथिन) असलेली धान्यं, खेकडा-कोलंबीसारखे कवचधारी जलचर, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे आणि झाडावरचा सुकामेवा, सोयाबीन, तसंच ठरावीक प्रमाणावरचं सल्फाइट (पदार्थ टिकवण्यासाठी घालतात ते रसायन) हे वेगळं जाहीर करावं लागतं. तीळ आणि मोहरी या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी घटकांची पूर्ण यादी वाचावी लागते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला. ब्रिटनमध्ये नताशा एडनान-लापेरूस ही १५ वर्षांची मुलगी २०१६ साली सँडविचमधल्या तिळामुळे गेली. त्या पावात तीळ असल्याचं वेष्टनावर लिहिलेलं नव्हतं. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तिच्या नावाने ओळखला जाणारा लेबलचा कायदा तिथे लागू झाला.

‘अंश असू शकतो’ ही ओळ लिहिणं आपल्याकडे ऐच्छिक आहे. ती नाही म्हणजे अंश नाही, असं समजू नका. सुटा माल, घरगुती फराळ, बेकरीतली खारी यांना तर लेबलच नसतं.

रिअ‍ॅक्शन आली हे ओळखायचं कसं, आणि आम्ही काय करायचं?

अंगावर गांधी, ओठ किंवा डोळे सुजणं, घशात अडकल्यासारखं वाटणं, आवाज बसणं, एकसारखा खोकला, छातीत शिट्टी वाजणं, वारंवार उलटी, पोटात मुरडा, चेहरा पांढराफटक पडणं, चक्कर. लहान बाळ एकदम मलूल होतं. काही जणांच्या अंगावर एकही गांधी उठत नाही, थेट श्वासच लागतो, म्हणून त्वचा स्वच्छ दिसते यावर जाऊ नका. मोठी मुलं अवघडून बाथरूममध्ये जातात आणि तिथेच कोसळतात. त्यांना एकटं सोडू नका.

औषध एकच: अ‍ॅड्रेनलिन, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, स्नायूत. परदेशात यासाठी पेनसारखे ऑटो-इंजेक्टर मिळतात. आपल्याकडे ते सहजासहजी मिळत नाहीत, त्यामुळे काही कुटुंबं बाहेरून आणतात, काही डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज बाळगतात. त्या माणसाकडे औषध असेल तर ते काढून द्या, आणि त्याने किंवा घरच्यांनी शिकवलं असेल तसं लगेच द्या. वाट बघण्यात जीव जातात. नसेल तर जवळच्या ज्या दवाखान्यात ते इंजेक्शन असेल तिथे न्या. महाराष्ट्रात आणि गोव्यात अँब्युलन्ससाठी १०८, एरवी ११२. फोनवर ‘अ‍ॅनाफायलॅक्सिस’ हाच शब्द वापरा.

तोवर आडवं झोपवून पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर पाय पसरून बसू द्या. उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा. उभं करू नका, जिन्यावरून चालवत नेऊ नका. एकदम उभं केल्याने रक्तदाब पडून मृत्यू झालेले आहेत. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर इंजेक्शनचा दुसरा डोस लागू शकतो.

आधी एक अ‍ॅव्हिल देऊन बघू का? किंवा आमसुलाचं पाणी?

अंगावर गांधी दिसल्या की आपल्या घरांत ‘पित्त उठलं’ म्हणतात आणि आमसूल भिजत घालतात. नेहमीच्या पित्ताला तो उपाय कोणी करो, पण दाणे किंवा कोलंबी खाल्ल्यावर अर्ध्या तासात उठलेल्या गांधी आणि सोबत खोकला किंवा उलटी असेल तर तो वेळ त्या माणसाकडे नसतो. अ‍ॅव्हिल, सेट्रिझिन या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी खाज कमी होते. घशाची सूज आणि कोसळणारा रक्तदाब त्या थांबवत नाहीत. बोट घालून ओकायला लावू नका, मीठपाणी पाजू नका.

इंजेक्शननंतर बरं वाटतंय. आता घरी नेऊ?

दवाखान्यात न्याच. पहिली लाट ओसरल्यावर काही तासांनी, पुन्हा काही न खाताही, दुसरी येऊ शकते. किती वेळ ठेवायचं ते डॉक्टर ठरवतील. दुसऱ्या दिवशी मंडळात किंवा ऑफिसात त्यावर चर्चा करत बसू नका. फोन करा, कसं वाटतंय विचारा, आणि काय खाल्लं होतं त्याचं पाकीट असेल तर त्याचा फोटो पाठवा.

आम्ही परदेशात आहोत. मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये काय करावं?

तिथे वाढलेल्या आपल्या मुलांमध्ये अ‍ॅलर्जी बऱ्याच दिसतात, आणि शाळेत सांभाळली जाणारी मुलं मंडळाच्या कार्यक्रमात मात्र उपाशी राहतात, असं पालक सांगतात. प्रत्येक पदार्थापुढे एक कार्ड ठेवा: नाव, करणाऱ्याचं नाव, आणि दाणे, सुकामेवा, तीळ, दूध, अंडं, गहू यांपैकी काय आहे. मसाला भारतातून आणलेला असेल तर तेही लिहा, कारण त्यात काय आहे हे करणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं. दाण्याचे पदार्थ टेबलाच्या एका टोकाला, आणि अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना रांगेच्या आधी वाढून घेऊ द्या.

ही अ‍ॅलर्जी कधी जाते का? थोडं थोडं देऊन सवय लावता येत नाही?

दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी पुष्कळ मुलांची मोठेपणी जाते. शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एका मुलाची. कोलंबीची सहसा राहतेच. थोडं थोडं देऊन सहनशक्ती वाढवण्याचा उपचार खरोखर आहे. दाण्यासाठीच्या अशा औषधाला अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळाली. पण तो तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजून मापून, महिनोन् महिने चालतो, आणि सुरू असताना रिअ‍ॅक्शन येऊ शकते. अ‍ॅलर्जी गेली आहे का हेही डॉक्टर स्वतःच्या समोर, इंजेक्शन भरून ठेवून, खायला देऊन तपासतात. तशी तपासणी होऊन ती गेली, तर आईवडील ते तुम्हाला आपणहून आणि आनंदाने सांगतील. तोवर आधी सांगितलं होतं तेच लागू आहे, असं धरून चाला.